कॉस्टिक नको, मग काय? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल कसं करतात ते लिहिलं होतं. ज्यांचं वाचायचं राहिलं त्यांच्यासाठी एका दमात सांगतो, तेलात मेथॅनॉल घालायचं, तेलाच्या वजनाच्या साधारण १ टक्का कॉस्टिक सोडा नाहीतर कॉस्टिक पोटॅश घालायचं, ६० अंशाला तासभर ढवळायचं आणि ठेवून द्यायचं, वर बायोडिझेल येतं, खाली ग्लिसरीन बसतं. यातलं कॉस्टिक म्हणजे कॅटॅलिस्ट, लग्न लावणारा भटजी. दोघांची गाठ घालून देतो आणि स्वतः संसारात पडत नाही, निदान पडू नये अशी अपेक्षा असते. यावर जे मेसेज आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच वळणाचे होते, की कॉस्टिक सोडून दुसरं काही चालेल का. म्हणून या वेळी तेच घेतो.

प्रश्न: नमस्कार काका, माझं कराडला फरसाणचं दुकान आहे. आठवड्याला ४० लिटर तरी पाम तेल उरतं. तुमचं वाचून २० लिटर करून बघितलं तर अख्खा ड्रम खळीसारखा घट्ट झाला, ना वर काही आलं ना खाली काही बसलं. एका व्हिडिओत बघितलं की अंड्याच्या टरफलाने केलं तर साबण होत नाही. टरफलं मला फुकट मिळतील, शेजारी अंडाभुर्जीची गाडी आहे. कसं करायचं सांगा.

उत्तर: तुमच्या ड्रमात काय झालं ते न बघता सांगतो, भटजीच बोहल्यावर चढला. तेल पुन्हा पुन्हा तापलं, त्यात पिठातलं बटाट्यातलं पाणी पडलं की तेलाचे रेणू तुटून मोकळी फॅटी ॲसिडं सुटतात, आणि कॉस्टिकला समोर ॲसिड दिसलं की ते मेथॅनॉलकडे बघत पण नाही, सरळ ॲसिडला जाऊन चिकटतं, त्याचा होतो साबण, वर पाणी सुटतं, त्या पाण्याने अजून तेल तुटतं आणि अजून साबण. मी साबणाच्या कारखान्यात ११ वर्षं काढलीत, तिथे ज्याचा पगार मिळायचा तेच इथे डोक्याला ताप.

आता टरफल. व्हिडिओ खोटा नाहीये, अर्धा आहे. अंड्याचं टरफल म्हणजे जवळपास ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट, खडूच म्हणा ना. ते तसंच तेलात टाकून काहीही होत नाही. ८००-९०० अंशाला भट्टीत दोन-तीन तास भाजायचं तेव्हा त्यातला कार्बन डायऑक्साईड उडून जातो आणि उरतो कॅल्शियम ऑक्साईड, म्हणजे आपला कळीचा चुना. हा चुना मेथॅनॉलमध्ये फारसा विरघळत नाही, घन राहूनच काम करतो, म्हणून काम झाल्यावर गाळून काढता येतो आणि परत वापरता येतो, आणि तेल स्वच्छ असेल तर साबण कमी होतो. ही झाली खरी बाजू.

दुसरी बाजू हिशोबाची. तुमचं ४० लिटर तेल म्हणजे ३६-३७ किलो. चुना ३ टक्के लागतो धरला तर १ किलो १०० ग्रॅम. टरफल भाजल्यावर निम्म्याच्या आसपास उरतं, म्हणजे कच्ची टरफलं दोन किलोच्या वर हवीत, आणि एक टरफल साडेपाच ग्रॅमचं धरलं तर झाली पावणेचारशे अंडी, दर चाळीस लिटरला. पुन्हा वापरता येतो हे खरं पण पहिल्या खेपेला तरी एवढं लागणारच. वर भट्टीचा खर्च. शिवाय कॉस्टिकला जिथे १० लिटर मेथॅनॉल पुरतं तिथे चुन्याला बहुतेक वेळा दुप्पट घालतात, आणि तासाच्या जागी दोन-तीन तास. जास्तीचं मेथॅनॉल उडवून परत गोळा करायची सोय नसेल तर कॉस्टिकचे वाचवलेले पैसे त्याच्या कितीतरी पट मेथॅनॉलमध्ये गेले. आणि कॉस्टिक लागतंच किती हो, चाळीस लिटरला पाव किलो ते अर्धा किलो. बायोडिझेलच्या एकूण खर्चात ७०-८० टक्के तेलाचाच असतो, कॅटॅलिस्ट म्हणजे भाजीतलं मीठ.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की तुमची अडचण कॉस्टिक नाहीचे, तुमचं तेल आहे. चुना पण अल्कलीच, त्याला पण ॲसिड दिसलं की तो तिकडेच धावणार, फक्त सोड्याच्या साबणाऐवजी चुन्याचा साबण होणार. बोअरच्या जड पाण्यात अंगाला साबण लावल्यावर बादलीला जो चिवट पांढरा साका बसतो ना, तोच. तो पाण्यात विरघळत नाही, फडक्याने गाळला तर फडकं बसतं. म्हणजे आत्ता जेली झालीय, टरफलं घातल्यावर चोथा होईल.

तेव्हा आधी तेल तपासा. १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात १ ग्रॅम कॉस्टिक पोटॅश विरघळवून ठेवा. एका छोट्या बाटलीत १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, त्यात तुमचं १ मिली तेल, आणि रंग कळायला फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब. ते मिळालं नाही तर हळद. खरंच हळद, चांगली हळद अल्कोहोलमध्ये भिजवून वरचं पिवळं पाणी घ्यायचं. ज्यांनी हळदीला चुना लागून कुंकू होताना बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको, अल्कली झालं की हळद लाल. इंजेक्शनच्या सिरिंजने ते पोटॅशचं पाणी थेंब थेंब सोडत जा, रंग येऊन अर्धा मिनिट टिकला की थांबा आणि किती मिली गेलं ते लिहा. १ मिली गेलं म्हणजे ढोबळ अर्धा टक्का ॲसिड. जितके मिली तितके ग्रॅम पोटॅश लिटरमागे जास्तीचं घालायचं, मूळच्या ५-६ ग्रॅमच्या वर. ३-४ मिलीपर्यंत निवांत जमतं, १० च्या पुढे गेलं तर कॉस्टिकच्या नादी लागू नका. आणि तेल आधी ११० अंशापर्यंत तापवून पाणी घालवा, मग गार करा, मगच मेथॅनॉल, आणि मेथॅनॉल उघड्यावर गॅसच्या शेगडीवर कधीच नाही, त्याची वाफ लांबून पेट घेते आणि ते पोटात गेलं तर काय होतं ते २०१५ ला मालवणीत आपण बघितलंय, शंभरावर माणसं गेली. ड्रम ॲल्युमिनियमचा किंवा जस्ताच्या पत्र्याचा नको, कॉस्टिक त्यांना खातं, स्टील घ्या.

प्रश्न: सर, मी रत्नागिरीची, केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला तिसऱ्यांच्या शिंपल्यांपासून कॅटॅलिस्ट घेतलाय. पहिल्या खेपेला छान झालं, चौथ्या खेपेला निम्म्यावर आलं. गाईड सर म्हणतात लीचिंग बघ. म्हणजे नक्की काय बघू?

उत्तर: विषय छान निवडलास. कोकणात शिंपले जाळून चुना करायची पद्धत जुनीच आहे, तू त्याच चुन्याला नवीन नोकरी लावतेयस.

लीचिंग म्हणजे चुना थोडा थोडा विरघळून जातोय का. शुद्ध मेथॅनॉलमध्ये तो फारसा जात नाही, पण ग्लिसरीन तयार व्हायला लागलं की त्याच्याशी जुळून कॅल्शियम ग्लिसरॉक्साईड होतं आणि त्यातून कॅल्शियम द्रवात उतरतं. मग प्रश्न असा पडतो की काम घन चुन्याने केलं की विरघळलेल्याने. हे ओळखायची सोपी युक्ती आहे, रिॲक्शन अर्ध्यावर आली की गरम असतानाच चुना गाळून काढ आणि उरलेला द्रव तसाच त्याच तापमानाला ढवळत ठेव. चुना काढल्यावर पण रूपांतर वाढतच राहिलं तर विरघळलेला भाग काम करतोय आणि तुझा 'सॉलिड कॅटॅलिस्ट' नावालाच सॉलिड. हे खूप जण करत नाहीत आणि रिपोर्टमध्ये 'पुन्हा वापरता येतो' असं ठोकून देतात. दुसरं, तयार बायोडिझेलमधलं कॅल्शियम मोजून घे. स्टँडर्डमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून किलोमागे ५ मिलीग्रॅमच्या वर चालत नाही, आणि चुन्याने केलेलं न धुता बहुतेक वेळा यात नापास होतं. म्हणजे 'धुवायला पाणी लागत नाही' हा जो याचा मोठा फायदा सांगतात तो तिथेच अर्धा गळाला.

चौथ्या खेपेला निम्म्यावर यायची कारणं लीचिंगशिवाय पण असतात. दोन खेपांच्या मध्ये चुना कुठे ठेवतेस? कळीचा चुना उघडा राहिला की हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साईड ओढून घेतो, रत्नागिरीच्या हवेत तर विचारूच नको, आणि पृष्ठभागावर पुन्हा खडू होतो. डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषून घेणाऱ्या हवाबंद भांड्यात ठेव, शक्यतो भाजल्याच्या दिवशीच वापर. भाजणं पूर्ण झालं का हे वजनाने कळतं, १० ग्रॅम स्वच्छ शिंपल्यातून साडेपाच ग्रॅमच्या आसपास उरायला हवं, सात उरलं तर आत अजून कच्चं आहे. पाण्याचा थेंब टाकला की फसफसून तापला पाहिजे. आणि कणांवर ग्लिसरीनचा थर बसतो तो मेथॅनॉलने धुऊन परत भाजून बघ, बऱ्यापैकी शुद्धीवर येतो. अंड्याच्या टरफलावर २००९ मध्ये छापून आलेल्या एका कामात तोच चुना १३ वेळा चालवल्याचं दाखवलंय, पण ते सोयाबीनच्या चांगल्या तेलावर, भज्यांच्या तेलावर नाही.

एक करशील का, बाजारातून साधा कळीचा चुना आणून तो पण तुझ्याच पद्धतीने भाजून चालवून बघ आणि दोन्ही आकडे शेजारी मांड. शिंपल्याचा जास्त चांगला निघाला तर सांगण्यासारखं काहीतरी हाती लागलं, सारखाच निघाला तर तेही लिही, त्यात कमीपणा नाही.

प्रश्न: पानाला लावतो तो चुना घातला तर चालेल का? आणि पापडखार?

उत्तर: पानाचा चुना विरलेला असतो, त्याने पाणी आधीच पिऊन घेतलेलं, कळीच्या चुन्यापुढे फारच मंद. वर त्यात ओलसरपणा. नाही चालणार. पापडखार पापडातच बरा.

प्रश्न: राम राम. आमचं रावेर तालुक्यात केळी आहे. घड काढल्यावर खोडं तशीच पडतात. केळीच्या राखेपासून बायोडिझेलचं रसायन बनतं असं पोराने मोबाईलवर दाखवलं. ही राख कोणी विकत घेतं का, आणि खरंच त्याने होतं का?

उत्तर: राम राम. होतं, अगदी खरं आहे. केळीत पोटॅश भरपूर, ते राखेत पोटॅशियम कार्बोनेट म्हणून येतं, आणि तो चांगल्यापैकी कॅटॅलिस्ट आहे. आपल्याकडे राखेने भांडी घासायचे ते याच जोरावर, तेलकटपणाचा तिथल्या तिथे साबण. आसाममध्ये केळीच्या सालीची राख पाण्यात भिजवून गाळून त्याचं 'कोलाखार' म्हणून स्वयंपाकात घालतात आणि तिथल्याच गौहाटी विद्यापीठात भीमकोल जातीच्या केळीच्या राखेवर पिवळ्या कण्हेरीच्या बियांचं तेल घेऊन बायोडिझेल करून दाखवलंय. रानातलं तेल आणि परसातली राख, मला ते काम फार आवडलं होतं.

राखेचा एक गुण असा की कार्बोनेट ॲसिडशी जुळताना कॉस्टिकइतकं पाणी सोडत नाही, त्यामुळे साबणाचं चक्र जरा धिम्या गतीने फिरतं. दोष म्हणाल तर राख ही राख असते, या खेपेची आणि पुढच्या खेपेची सारखी नसते. जमीन वेगळी, खत वेगळं, किती वेळ जाळली ते वेगळं. खोडाच्या राखेत पोटॅशचा मोठा भाग क्लोराईड म्हणून पण असतो आणि क्लोराईड या कामाला निकामी, ते नुसतं वजन वाढवतं. आणि राखेला लोक 'घन कॅटॅलिस्ट' म्हणतात ते मला पटत नाही, त्यातलं पोटॅश मेथॅनॉलमध्ये उतरतं आणि तेच काम करतं, दोन-तीन खेपांत राख रिकामी होते. म्हणजे शेवटी आपण रानात तयार केलेलं पोटॅशच वापरतोय, गोणीतलं नाही एवढाच फरक.

विकत घेणारा माझ्या ओळखीत कोणी नाही. आणि मी तुमच्या जागी असतो तर विकली पण नसती. पोटॅशचं खत आपण जवळपास सगळं बाहेरून आणतो आणि केळी हे पोटॅश खाणारं पीक, तुम्हाला गोणीचा भाव माझ्यापेक्षा जास्त माहीत. खोडं जाळूच नका, बारीक करून रानातच जाऊ द्या. पोराला हौस असेल तर वाळलेल्या सालींची किलोभर राख करून प्रयोग करू द्या, शाळेच्या प्रदर्शनात बक्षीस नक्की.

प्रश्न: ॲसिड जास्त असलेल्या तेलाला सरळ सल्फ्युरिक ॲसिडच का घालत नाहीत? मग साबणाचा प्रश्नच नाही.

उत्तर: घालतात की, आणि जुनं आहे ते. १९३७ साली ब्रसेल्स विद्यापीठाच्या शावान यांनी पाम तेलापासून इथाईल एस्टर (बायोडिझेल म्हणजे रसायनाच्या भाषेत एस्टरच) करायचं बेल्जियन पेटंट घेतलं त्यात ॲसिडनेच केलंय, आणि १९३८ मध्ये ब्रसेल्स ते लुव्हाँ बस त्यावर चालवून पण बघितली. पण ॲसिडने पूर्ण तेलाचं रूपांतर करायचं तर वेळ इतका लागतो की कॉस्टिकचा वेग ४००० पट असं पुस्तकात वाचायला मिळतं. म्हणून दोन पायऱ्या करतात, आधी सल्फ्युरिक आणि मेथॅनॉल घालून फक्त मोकळ्या ॲसिडांचं एस्टर करून घ्यायचं, त्यात सुटलेलं पाणी काढायचं, मग उरलेल्या तेलाला कॉस्टिक. करंज, मोह असल्या तेलांना हाच मार्ग, मोहाच्या तेलात तर २० टक्क्यांपर्यंत मोकळं ॲसिड सापडतं. घरी करायला सांगणार नाही, गरम मेथॅनॉल आणि सल्फ्युरिक एकत्र हे खेळणं नव्हे.

सल्फ्युरिकला घन पर्याय पण आहेत. मला आवडणारा म्हणजे साखरेचा, टोकियोच्या लोकांनी २००५ मध्ये दाखवला. साखर अर्धवट जाळून कोळसा करायचा आणि तो सल्फ्युरिकमध्ये तापवून त्याच्यावर ॲसिड कायमचं चिकटवायचं. काळी भुकटी, गाळून परत वापरायची. साखर कारखान्यांच्या प्रदेशात कोणी पुढे नेलं तर बघायला आवडेल.

प्रश्न: एन्झाईमने बायोडिझेल होतं म्हणे, ३५-४० डिग्रीला. आमच्या नागपुरात मे महिन्यात हीटर पण लागणार नाही 😄 मग सगळे हेच का करत नाहीत?

उत्तर: हीटर नाही, तुम्हाला कूलर लागेल, ४५ च्या पुढे एन्झाईम पण मान टाकतं. लायपेज नावाचं एन्झाईम आहे, आपल्या पोटात तेल पचवणाऱ्याच्या नात्यातलं. तांदळाच्या कोंड्यात पण असतं, म्हणून कोंडा गिरणीतून आल्यावर लगेच प्रक्रिया केली नाही तर त्याचं तेल आंबट होत जातं. याची खुबी अशी की मोकळ्या ॲसिडचं आणि तेलाचं दोन्हीचं एस्टर करतं, साबण शून्य, थोडं पाणी असलं तरी चालतं, उलट लागतंच. ग्लिसरीन पण स्वच्छ मिळतं.

खोट अशी की मेथॅनॉल त्याला विष. सगळं एकदम ओतलं तर मेलं. म्हणून तीन हप्त्यांत नाहीतर थेंब थेंब घालत राहतात, आणि रिॲक्शनला तासाऐवजी अख्खा दिवस जातो. पूर्वी हे एन्झाईम रेझिनच्या मण्यांवर बसवून यायचं आणि किंमत ऐकून माणूस गप्प बसायचा. २०१४ मध्ये नोव्होझाईम्स या एन्झाईम बनवणाऱ्या कंपनीने पातळ स्वरूपातलं काढलं, खास खराब तेलासाठी, तेव्हापासून मोठ्या प्लांटांना जरा आवाक्यात आलं. तरी शेवटी दोनेक टक्के ॲसिड उरतंच आणि ते काढायला कॉस्टिकचा हात फिरवावा लागतो, म्हणजे भटजींना रजा दिली तरी अक्षता टाकायला बोलवावंच लागतं.

प्रश्न: कॅटॅलिस्टच नको असं काही नाही का? आणि भारतात कोणी यावर काम केलंय का?

उत्तर: आहे. क्योटोमध्ये २००१ ला करून दाखवलं, मेथॅनॉल ३५० अंशाला प्रचंड दाबाखाली तेलाबरोबर ठेवलं तर चार मिनिटांत काम होतं, कॅटॅलिस्ट काही नाही. तेलाच्या एका रेणूला मेथॅनॉलचे ४२. तो दाब झेलणारं भांडं आणि ती ऊर्जा यांचा खर्च बघितला की कॉस्टिक गोड वाटायला लागतं.

भारतातलं म्हणाल तर पुण्यातच, एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. लोखंड आणि जस्ताचं डबल मेटल सायनाईड, प्रशियन ब्लू रंगाच्या जातकुळीतलं. सायनाईड म्हटल्यावर दचकू नका, ते घट्ट बांधलेलं असतं. त्याचा पृष्ठभाग पाण्याला जवळ येऊ देत नाही, त्यामुळे ओलं, ॲसिडवालं तेल पण चालतं, दोन पायऱ्यांची गरज नाही. पण १६०-१७० अंश आणि दाब हवा, म्हणजे ड्रममध्ये होणारं काम नाही. फ्रान्समध्ये सेत या बंदरात २००६ पासून वर्षाला १ लाख ६० हजार टनांचा प्लांट घन कॅटॅलिस्टवर उभा राहिला, जस्त-ॲल्युमिनियमचं ऑक्साईड, २०० अंशाच्या आसपास. तिथे ग्लिसरीन ९८ टक्के शुद्ध निघतं आणि खरी कमाई त्यात आहे. आपल्या कॉस्टिकच्या ग्लिसरीनमध्ये साबण, मेथॅनॉल, मीठ सगळा गोपाळकाला असतो.

प्रश्न: ते काळं ग्लिसरीन टाकायचं कुठे? गटारात सोडलं तर शेजारी ओरडतात.

उत्तर: शेजारी बरोबर आहेत. मेथॅनॉल पूर्ण उडवल्याशिवाय कुठेच नको. सोड्याऐवजी पोटॅश वापरलं असेल तर फॉस्फरिक ॲसिडने नरम करता येतं, तळाशी जे मीठ बसतं ते पोटॅशियम फॉस्फेट, खतच. सोड्याचं असेल तर तो मार्ग बंद, म्हणून मी सुरुवातीपासून पोटॅश घ्या म्हणतो, थोडं महाग पडलं तरी.

जाता जाता, अंक छपाईला जायच्या आधी कराडच्या फरसाणवाल्यांचा परत फोन आला. हळदीने तपासलं म्हणे. शेवेच्या कढईतलं तेल ३ मिलीला लाल झालं, भज्यांच्या कढईतलं ११ ला पण नाही, आणि आत्तापर्यंत दोन्ही एकाच ड्रमात ओतत होते. आता दोन डबे केलेत. शेवेच्या तेलाचं पोटॅशने पाच लिटर करून बघितलं, रात्रीत वर-खाली स्वच्छ वेगळं झालं, आणि २७ मिली मेथॅनॉलमध्ये ते बायोडिझेल ३ मिली टाकून बघितलं तर तळाशी तेलाचा एक थेंब बसला नाही, म्हणजे कच्चं तेल उरलं नाही. भज्यांचं तेल ते सरकारमान्य गोळा करणाऱ्याला देणार आहेत. टरफलांची पिशवी मात्र अजून दुकानातच आहे, तिचं काय करू विचारत होते. गुलाबाला घाला म्हटलं.